लाल लाइटवाला लुसिड ड्रीम मास्क, मुंबईच्या खोलीत वापरून

स्वप्न चालू असतानाच कळतं की अरे हे स्वप्न आहे, त्याला लुसिड ड्रीम म्हणतात, आणि मला त्याचं वेड आहे म्हणून हा मास्क ऑनलाइन मागवला, साडेचार हजारला पडला. कंपनीचं नाव लिहीत नाही, असे मास्क बरेच जण विकतात आणि आतलं काम साधारण सारखंच असतं. डोळ्यांवर पट्टी, आत लाल एलईडी आणि सेन्सर. आरईएम झोपेत, म्हणजे जिच्यात जास्त करून स्वप्नं पडतात त्या झोपेत, पापण्यांखाली डोळे भराभर हलतात, ते सेन्सरला कळलं की लाइट चमकतो, पापणीतून आत शिरतो आणि स्वप्नातच कशावर तरी लाल दिसतो. आयडिया जुनी आहे, अमेरिकेत स्वप्नांचे संशोधक स्टीफन लाबर्ज यांनी असे मास्क कधीच बनवलेत.

आता खरं काय ते. नुसता मास्क लावून काही होत नाही. लाइट यायचा, पण स्वप्नात तो कधी करी रोडचा सिग्नल व्हायचा, कधी मंडपाची लायटिंग, आणि मी आपला पुढे चालत राहायचो. फरक पडला तो दिवसाच्या सवयीने. दादरला उतरलो की स्टेशनवरचा गाड्यांचा इंडिकेटर वाचायचा, मान फिरवायची, परत वाचायचा आणि मनापासून विचारायचं, मी आत्ता जागा आहे का? स्वप्नात अक्षरं आणि आकडे सहसा जागेवर राहत नाहीत. मग एका पहाटे इंडिकेटर लालभडक झाला, दुसऱ्यांदा बघितलं तर गाडीचं नावच बदललेलं, आणि लख्ख कळलं! शरीर परळच्या खोलीत पडलंय हे माहीत होतं आणि तरी तळव्यांना प्लॅटफॉर्मच्या लाद्या लागत होत्या. मांडूक्य उपनिषदात जागृती, स्वप्न, सुषुप्ती अशा अवस्था सांगितल्यात, ते वाचून डोक्यात होतं, पण त्या क्षणी बघणारा कोण आणि दिसतंय ते काय हा प्रश्न अंगावर आला. आनंदाने लगेच जाग येते, तेव्हा स्वप्नातच हात एकमेकांवर चोळायचे, थोडा वेळ टिकतं.

कोणी याला थोतांड म्हणालं तर सांगा की १९७५ मध्ये इंग्लंडमध्ये कीथ हर्न या संशोधकाने झोपलेल्या माणसाने डोळे ठरवल्याप्रमाणे हलवून दिलेला सिग्नल रेकॉर्ड केलाय, कारण आरईएम झोपेत बाकी अंग लुळं असतं पण डोळे हलवता येतात. २०२१ च्या प्रयोगात तर झोपलेल्या माणसाला ८ वजा ६ विचारलं आणि त्याने डोळ्यांनीच २ असं उत्तर दिलं.

मास्कचा टायमर झोपल्यापासून साडेचार-पाच तासांवर ठेवा, सुरुवातीला नको, कारण आरईएम साधारण दीड तासाने येते आणि पहाटेकडे लांबत जाते. आमच्याकडे पाणी पहाटे येतं, ते भरून परत झोपलो की सगळ्यात चांगलं जमतं.

तक्रारी आहेत. फोम घामाने भिजतो, ऑक्टोबरमध्ये तर एसीशिवाय सहनच होत नाही, कुशीवर झोपलं की सेन्सर सरकतो आणि लाइट भलत्याच वेळी पेटतो. ब्राइटनेस सगळ्यात कमीवर ठेवा नाहीतर झोपच मोडते. साडेचार हजार जास्तच आहेत, महिनाभर इंडिकेटरची सवय फुकटात करून बघा आणि स्वप्नं वहीत लिहा, मगच घ्या. नाइट शिफ्टवाल्यांनी आधी झोप पुरी करावी. आणि ज्यांना फिट येते त्यांनी चमकणाऱ्या लाइटचा हा मास्क अजिबात लावू नये, माझ्या बॉक्सवर ही वॉर्निंग कुठेच छापलेली नव्हती, ती असायलाच हवी होती.