इन्स्क्रिप्ट कळफलक : काही महिन्यांच्या वापरानंतर

भाषांतर आणि मुद्रितशोधन हा माझा व्यवसाय असल्यामुळे दिवसाचा मोठा भाग मराठी टंकलेखनात जातो. बरीच वर्षे हे काम मी रोमन अक्षरे टंकून आणि त्यांचे आपोआप होणारे देवनागरी रूप स्वीकारून करत होतो. गेल्या पावसाळ्यापासून मात्र विंडोजमध्ये मुळातच असलेला इन्स्क्रिप्ट कळफलक वापरतो आहे. वेगाविषयी पुढे लिहीनच, परंतु अधिक महत्त्वाचा अनुभव असा की, कळफलक बदलल्यावर शब्द मनात जुळण्याची रीत बदलली आणि मराठीच्या लेखननियमांशी असलेले माझे नातेही बदलले.

ज्यांनी हा कळफलक पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये तो प्रमाणित केला आणि १९९१ मध्ये आयएस १३१९४ या भारतीय मानकात त्याचा समावेश झाला. बहुतेक मात्रा डाव्या हाताकडे आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे, अशी त्याची मांडणी आहे. अल्पप्राण व्यंजन साध्या कळीवर असते आणि शिफ्ट दाबली की त्याच कळीवर महाप्राण मिळतो, म्हणजे ‘क’च्या कळीवर ‘ख’, ‘त’च्या कळीवर ‘थ’, ‘प’च्या कळीवर ‘फ’. वर्णमालेची ही रचना आपण बालवाडीत पाठ केलेली असते; ती कळींवर उतरलेली पाहिली की पाठांतर निम्म्याने कमी होते. शिवाय कन्नड, गुजराती, बंगाली, तेलुगू या लिप्यांतही ‘क’ त्याच जागी असतो. मराठी आणि कन्नड दोन्ही लिहिणाऱ्या सोलापूर-बेळगावकडच्या माणसाला दुसरा कळफलक वेगळा शिकावा लागत नाही, ही सोय मला फार मोलाची वाटते.

सुरुवातीचे दिवस कंटाळवाणे होते, त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही. कामाची मुदत जवळ आली की जुन्या पद्धतीकडे वळण्याचा मोह होई. साधारण दीड-दोन महिन्यांत वेग पूर्वीइतका झाला आणि आता तो थोडा अधिकच आहे, कारण सुचवलेल्या पर्यायांतून शब्द निवडण्यासाठी थांबावे लागत नाही.

खरा फरक जाणवला तो ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत. इन्स्क्रिप्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी ‘एफ’च्या कळीवर, तर दीर्घ वेलांटी तिच्या लगेच वर ‘आर’च्या कळीवर आहे, ऱ्हस्व उकार ‘जी’वर आणि दीर्घ उकार त्याच्या वर ‘टी’वर. म्हणजे प्रत्येक इकार-उकाराच्या वेळी बोटाने आहे त्या ओळीत राहायचे की वर जायचे, हे ठरवावेच लागते. रोमन लिप्यंतराच्या पद्धतीत हा निर्णय माझा नव्हताच. ‘गरीब’ असो वा ‘गरिबाला’, मी ‘आय’ टंकत असे आणि यंत्र पुढे करील ते रूप बहुधा स्वीकारत असे. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे नियम आणि १९७२ मधील त्यांची पुरवणी मी व्यवसायापुरती वाचलेली होती, परंतु ती तपासणीच्या वेळी आठवण्याची गोष्ट होती, लिहिताना नव्हे. आता सामान्यरूप होताना, म्हणजे शब्दाला प्रत्यय लागताना, त्याचा उपान्त्य (शेवटच्या अक्षराआधीचा) इकार ऱ्हस्व होतो, हा नियम मला बोटांच्या हालचालीत जाणवतो: ‘गरीब’ लिहिताना बोट वरच्या ओळीत जाते आणि ‘गरिबाला’ लिहिताना मधल्या ओळीतच राहते. माझ्या पहिल्या खर्ड्यांतील या प्रकारच्या चुका दिसण्याइतक्या कमी झाल्या आहेत. याचे श्रेय माझ्या अभ्यासाला देता येणार नाही. निर्णय टाळण्याची सोय काढून घेतली गेली, एवढेच घडले.

जोडाक्षरांचेही तसेच. अक्षराचा पाय मोडण्यासाठी ‘डी’ची कळ आहे आणि जोडाक्षर नेहमी उच्चाराच्या क्रमाने लिहावे लागते. ‘विद्यार्थी’ लिहिताना रफार शेवटी चढवायचा नसतो; ‘र’ आधी, मग त्याचा पाय मोडायचा आणि मग ‘थी’. पूर्वी टंकलेखन यंत्रावर शिकलेल्या मंडळींना हे विचित्र वाटते, कारण रेमिंग्टन पद्धतीत अक्षराचे तुकडे कागदावर ज्या क्रमाने दिसतात त्या क्रमाने उमटवायचे असतात. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार सर्वांत शेवटी. तिथे हात चित्र काढतो, इथे उच्चार मांडतो. दोहोंत श्रेष्ठ कोण, या वादात मला रस नाही, कारण रेमिंग्टनवर सरावलेल्या माणसाचा वेग मी अजून गाठू शकलेलो नाही. परंतु ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक सांभाळण्यासाठी इथे ‘र’च्याच कळीवर शिफ्ट दाबली की ‘ऱ’ मिळतो आणि त्यामुळे समुद्राऐवजी डोंगरातली दरी अवतरत नाही, हे मुद्रितशोधक म्हणून मला समाधानाचे वाटते.

जुन्या रोमन पद्धतीतल्या सूचनांच्या पट्टीविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहायला हवे. यंत्र जे पर्याय पुढे करते ते सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या शब्दांचे असतात, हे उघड आहे आणि त्यात गैर काही नाही. तरीही ग्रामीण कथेचे संपादन करताना ‘आवंदा’, ‘इस्कोट’ किंवा ‘लई’ असे शब्द टंकू गेलो की पट्टीवर भलतेच काहीतरी येई, आणि दर वेळी ते नाकारण्याचा कंटाळा येऊन मी स्वतःच्या टिपणांत प्रमाणभाषेतला शब्द वापरून मोकळा होई. कळफलकाचा वाक्यावर होणारा परिणाम हा असा, कोणाच्या लक्षातही न येणारा असतो. इन्स्क्रिप्ट कोणताही शब्द सुचवत नाही, म्हणून त्याला बोलीतला शब्द आणि शासकीय परिपत्रकातला शब्द सारखेच.

त्रासदायक गोष्टीही आहेत. अवतरणचिन्हांच्या कळीवर ‘ट’ आणि ‘ठ’ येऊन बसले आहेत. त्यामुळे संवाद असलेला मजकूर लिहिताना दर वेळी इंग्रजी कळफलकावर जाऊन परत यावे लागते. याचा परिणाम म्हणून माझ्या खर्ड्यांत अप्रत्यक्ष कथन वाढले होते, हे एका लेखकाने दाखवून दिल्यावर ध्यानात आले. आता अवतरणचिन्हे शेवटी एकदम घालतो. प्रमाणित करणाऱ्यांनी संवादांचा विचार केला असता तर बरे झाले असते, असे प्रामाणिकपणे वाटते.

फोनवर ही मांडणी मी टिकवू शकलो नाही. अंगठ्यांनी लिहिताना डाव्या-उजव्या हाताच्या वाटणीचा काही उपयोग होत नाही, म्हणून तिथे वर्णमालेच्या क्रमाचा देवनागरी कळफलक घेतला आहे. घरातली तरुण मुले देवनागरी वाचतात, परंतु लिहितात रोमनमध्येच. आई मात्र आता फोनला बोलूनच निरोप लिहायला लावते. तिचे निरोप पूर्वी दोन-तीन शब्दांत आटपत, आता त्यांत विरामचिन्ह नसलेली लांबलचक बोलकी वाक्ये असतात आणि वाचताना तिचा आवाज ऐकू येतो. एकाच कुटुंबात मराठीचे तीन प्रकारचे लेखन चालू आहे आणि हा फरक वयापेक्षा साधनामुळे अधिक पडला आहे, असे माझे निरीक्षण आहे.

दिवसाला पानभर तरी मराठी लिहिणाऱ्यांनी, विशेषतः संपादक, शिक्षक आणि वकिलांनी, दोन महिन्यांचा संथपणा सोसण्याची तयारी असेल तर हा कळफलक जरूर घ्यावा. अधूनमधून चार ओळींचा निरोप लिहिणाऱ्यांना या खटाटोपाची गरज नाही. कळींवर चिकटवण्याचे देवनागरी स्टिकर बाजारात मिळतात, पण ते घेऊ नयेत. त्यांच्यामुळे नजर हातांवरच राहते आणि सराव लांबतो. त्याऐवजी विंडोजमधला पडद्यावरचा कळफलक सुरुवातीला कोपऱ्यात उघडा ठेवावा. शिफ्ट दाबताच त्यावरची अक्षरे बदलताना दिसतात आणि तेवढी मदत पुरते.