राजीनामा आत्ता, की वर्षभर थांबून?

आत्ता सोडलं तर झोप परत मिळते, आणि तब्येतच ढासळली असेल तर पुढचं गणित बाजूला ठेवा. पण नोकरीला चार वर्षं झाली असतील, तर थांबण्याचं पारडं जड आहे. कायम नोकरीत सलग ५ वर्षं भरली की ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनीकडून मिळणारी एकरकमी रक्कम, मिळते: शेवटचा मूळ पगार व महागाई भत्ता × १५ ÷ २६ × वर्षं. ४०,००० रुपयांवर पाच वर्षांचे साधारण १,१५,३८५ रुपये. पाच वर्षांआधी काढलेल्या पीएफवर सहसा करही लागतो.

खरी गोची आरोग्य विम्याची. कंपनीचं कवच नोकरीबरोबर संपतं. स्वतःच्या नव्या पॉलिसीत पहिले ३० दिवस अपघाताशिवाय दावा चालत नाही, जुन्या आजारांना ३६ महिन्यांपर्यंत थांबावं लागतं. म्हणून पॉलिसी आधी, राजीनामा नंतर. गृहकर्ज दुसऱ्या बँकेत हलवायचं असेल तर तेही पगाराची स्लिप हातात असतानाच.

थांबणाऱ्यांनी राजीनाम्यानंतर जेवढ्यात भागवावं लागेल तेवढ्यात, समजा ३५,००० रुपयांत, तीन महिने घर चालवून बघावं, उरलेला पगार वेगळ्या खात्यात. हिशेब चुकतो तो किराण्यात नाही. शाळेची फी, विम्याचे हप्ते आणि दिवाळी बारा महिन्यांत वाटायची राहून जाते, तिथे.