दुमडतं शिलाई टेबल आणि त्यातली अर्ध्या इंचाची फट: पाडव्यापासून दिवाळीपर्यंतचा अनुभव

हे लिहायचं कारण ती फट. टेबलात मशीन खाली उतरवून बसवायला चौकोन कापलेला असतो. मशीन बसवल्यावर त्याच्या कडेनं जी जागा रिकामी राहते, ती फट. माझ्या टेबलात ती डावीकडं अर्धा इंच होती आणि पुढच्या बाजूला त्याहून जास्त. टेबलाची मापं, वजन, पंख (दुमडत्या फळ्या) किती, कप्पे किती हे सगळं जाहिरातीत असतंच, म्हणून ते इथं लिहीत नाही. फटीबद्दल मात्र कुणी एक ओळ लिहीत नाही, आणि वाकळ, म्हणजे जुन्या साड्यांच्या थरांची गोधडी, शिवणारीचं निम्मं काम त्या फटीवर अडतं.

ब्लाऊज, फ्रॉक, उशीचे अभ्रे शिवणारीला याचं काही वाटणार नाही. मशीन साध्या टेबलावर ठेवून तिचं काम भागतं. वाकळेचं तसं नाही. वाकळ जड असते. मशीन टेबलावर नुसतं ठेवलं की त्याची बैठक टेबलापेक्षा तीन-चार इंच उंच राहते, वाकळ त्या पायरीवरून खाली लोंबते आणि स्वतःच्या वजनानं कापड ओढत राहते. मग टाका कुठं लांब, कुठं बारीक पडतो. ओढ जास्त झाली की सुई वाकते, सुईखालच्या धातूच्या प्लेटवर आपटते आणि मोडते. दोष मशीनचा वाटतो, पण मशीन बिचारं ठीक असतं. म्हणून मशीनची बैठक आणि टेबलाचा पृष्ठभाग एका पातळीत पाहिजे. या टेबलाचे साडेअकरा हजार मोजले ते याच एका गोष्टीसाठी.

घर कोल्हापुरात मंगळवार पेठेतलं, जुनं. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, माणसं पाच. शिवणाला वेगळी खोली मिळणं शक्य नाही. बाहेरच्या खोलीत खिडकीखाली, दिवाण आणि कपाट यांच्या मधली जागा माझ्या वाट्याला आली. दुपारी तिथं चांगला उजेड असतो. पंख मिटले की टेबल भिंतीला लागून उभं राहतं आणि रात्री तिथंच अंथरूण पडतं. या बाबतीत टेबलाला पैकीच्या पैकी गुण. चाकं फरशीवर नीट फिरतात, बिजागऱ्या दणकट आहेत, आणि उघडायला दुसऱ्या माणसाची गरज लागत नाही.

आता परत फटीकडं.

पहिलं काम भाचीच्या बाळाचं दुपटं होतं, छत्तीस बाय पंचेचाळीस इंच. ते लहान आणि हलकं, फटीवरून सरकून गेलं. त्या आठवड्यात मला कुणी विचारलं असतं तर पाच तारे दिले असते. मग सासूबाईंच्या नऊवारींची वाकळ घेतली. नऊवारी म्हणजे आठ मीटरच्या वर कापड, एका साडीचे दोन-दोन मीटरचे चार थर सहज निघतात. त्यावर इचलकरंजीच्या पॉपलीनचे तुकडे जोडून केलेला वरचा थर आणि खाली कोल्हापूरजवळच्या गांधीनगरहून आणलेलं अस्तर. हे सगळं सुईखाली गेलं आणि फटीनं रंग दाखवला. वाकळ पुढं सरकवताना कडेची दुमड फटीत शिरायची आणि अडकायची. आपल्याला कळत नाही, हात पुढं ढकलत राहतो, मशीन टीप मारत राहतं, आणि चार बोटं अंतरात सगळे टाके एका जागी गोळा होतात. ते उसवताना जुन्या साडीचा धागा सुटतो. तीस-चाळीस वर्षं वापरलेलं सुती कापड, ते दुसऱ्यांदा उसवणं सोसत नाही. शिवाय टाचण्या, सुया, दोऱ्याची टोकं त्या फटीतून खाली मशीनच्या फळीवर पडत राहायची.

कंपनी या फटीसाठी अ‍ॅक्रिलिकची पट्टी विकते, मशीनच्या आकारात कापलेली. टेबलासोबत ती देत नाहीत. चोवीसशे रुपये, वर कुरिअरचे वेगळे. टेबल ज्या कामासाठी घेतलं ते काम त्या पट्टीवाचून होतच नाही, मग ती टेबलाबरोबर का देत नाहीत? हा प्रश्न मी त्यांनाही विचारला. त्याचं उत्तर आजवर आलेलं नाही.

तरीही पट्टी मागवली. मशीन माझं उषा जानोमेचं साधं झिगझॅग, मॉडेलचं नाव कळवलं, फोटो पाठवले. आलेली पट्टी दुसऱ्याच मशीनची, फ्री आर्मच्या (मशीनच्या डावीकडच्या मोकळ्या हाताच्या) बाजूला बोटभर तोकडी. फोन केला तर म्हणाले, तुमच्या मॉडेलला हीच बसते. बसत नाही हे मी फूटपट्टी लावून फोटोत दाखवलं. मग म्हणाले, परत घ्यायची मुदत संपली. मुदत संपली ती त्यांच्याच उत्तराची वाट बघण्यात. मग एकाकडून दुसऱ्याकडं फोन जोडणं, दर वेळी सगळी कहाणी पहिल्यापासून सांगणं. शेवटी 1915 वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, मराठीत बोलून तक्रार नोंदवली. बिल, फोटो आणि त्यांचे मेसेज जोडले. त्यानंतर पट्टीचे पैसे परत आले. ज्यांचं असं अडकलंय त्यांनी आधी प्रत्येक बोलणं लेखी मेसेजमध्ये घ्यावं. फोनवर दिलेला शब्द पुढं दाखवता येत नाही.

पैसे आले, पण फट होती तशीच. इथं कोल्हापूर कामी आलं. उद्यमनगरात गाडीच्या नंबर प्लेट आणि दुकानांच्या पाट्या करणारा एक कारागीर आहे, अ‍ॅक्रिलिक कापायचं मशीन त्याच्याकडं आहे. फटीत बसणारी प्लेट हवी म्हटल्यावर त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वैनी, मापं सांगू नका. पुठ्ठा कापून आणा. पुठ्ठा बसला की प्लेट बसली म्हणून समजा."

त्याचं म्हणणं अगदी खरं. मशीनचे कोपरे गोल असतात, फ्री आर्म टोकाकडं किंचित निमुळता होतो, मागच्या बाजूला वायरीची जागा सोडावी लागते. हे फूटपट्टीनं जमत नाही. मिठाईच्या खोक्याचा जाड पुठ्ठा घेतला, मशीनभोवती ठेवून नखानं दाबत कड उमटवली आणि त्या खुणेवर कापला. एक पुठ्ठा वाया गेल्यावर दुसरा हवा तसा बसला. टेबलाच्या चौकोनाला आतून सहा मिलिमीटरची खाच आहे, तिच्यावर प्लेट टेकते. कंपनीची पट्टी पाच मिलिमीटर जाडीची होती, म्हणजे बसली असती तरी एक मिलिमीटरची पायरी राहिलीच असती. मी सहा मिलिमीटर सांगितली.

दुसरी गोष्ट बॉबिनची, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाची, आणि ज्यांच्या मशीनला बॉबिन पुढून घालतात त्यांनी हे नीट वाचावं. मशीन टेबलात खाली बसलं की बॉबिनचं दार प्लेटच्या खाली जातं. प्लेट अखंड असेल तर दर वेळी बॉबिन संपल्यावर वाकळ बाजूला, प्लेट उचल, बॉबिन बदल, प्लेट बसव, वाकळ परत आण. मोठ्या वाकळेत बॉबिन कितीदा संपतं हे शिवणारीला माहीत आहे. म्हणून मी प्लेट दोन भागांत कापून घेतली. मोठा भाग कायम बसलेला, आणि पुढचा डावीकडचा लहान तुकडा बोट घालून उचलता येईल असा. त्यासाठी त्यानं गोल भोक पाडून दिलं. खाली आधाराला अ‍ॅक्रिलिकचेच ठोकळे क्लोरोफॉर्मनं चिकटवले. कडा घासून गुळगुळीत केल्या. सगळे मिळून साडेचारशे रुपये.

प्लेट बसवली तेव्हा सासूबाईंनी लुगड्याचा पदर सांध्यावरून उलटसुलट ओढून पाहिला. मऊ सुती पदर, कुठं जरा कड असती तर धागा अडकला असता. अडकला नाही. म्हणाल्या, "आता शिव."

त्या दिवसापासून या टेबलाबद्दलचं माझं मत बदललं. वाकळ अक्षरशः तरंगत जाते. वॉकिंग फूट (वरचा थरही खालच्यासोबत पुढं ओढणारा मशीनचा पाय), सोळा नंबरची सुई, टाका तीनवर, आणि हात फक्त दिशा देतात. खांदे दुखायचे ते थांबले. घरगुती मशीनमध्ये सुईपासून उजवीकडच्या खांबापर्यंत जागा सहा-सात इंचच असते, तेवढ्यातून अर्ध्या वाकळेची गुंडाळी जावी लागते. जुन्या साड्यांचे थर पातळ असल्यामुळं गुंडाळी जाते. बाजारातला पॉलिस्टरचा फुगीर थर घातला की तीच गुंडाळी जाडजूड होते आणि मध्यभागी पोचेपर्यंत जीव जातो. आपल्या आया-आज्यांनी साड्यांचे थर घातले ते काटकसरीसाठी खरं, पण लहान मशीनवरही तेच बरे पडतात.

दुमडण्याबद्दलही मत बदललं. घेताना दोन्ही पंख मिटतात हाच मोठा गुण वाटला होता. आता डावा पंख मी मिटतच नाही. वाकळेचं वजन डावीकडं आणि मागं येतं, तिथं आधार नसला तर टेबल घेतलंच कशाला? डावा पंख कायम उघडा ठेवायला दिवाण हातभर सरकवला. घरात त्यावर बोलणं झालं आणि मिटलं. शिवताना मागचा पंख उघडते आणि त्याहून लांब जाणाऱ्या वाकळेसाठी इस्त्रीचं टेबल त्याच उंचीला लावून शेजारी उभं करते. इस्त्रीच्या टेबलाची उंची कमीजास्त होते, त्यामुळं ते बरोबर जुळतं. मोठं टेबल घेण्याआधी हे करून बघा, पैसे वाचतील.

एका वेळी माझ्याकडं तीन-चार कामं असतात. दुपटं, घरातली वाकळ, कुणीतरी वडिलांच्या शर्टांची करायला सांगितलेली गोधडी, आणि स्वतःच्या हौसेचं लॉग केबिन (मधल्या चौकोनाभोवती पट्ट्या जोडत जायची नक्षी). जागा एक. टेबल कितीही चांगलं असलं तरी ही अडचण ते सोडवत नाही, ती कामाच्या रीतीनं सुटते. तुकडे जोडायची कामं कितीही चालू राहू देत, ती प्रत्येकी एका उशीच्या अभ्र्यात मावतात. अभ्र्याला कागद टाचायचा: कुठवर आलं, दोरा कुठला, टाका किती. पण थर एकावर एक अंथरून टाचलेली वाकळ घरात एकच असली पाहिजे. तिला घडी घालता येत नाही, घातली की थर सरकतात. ती गुंडाळूनच ठेवावी लागते आणि जागा खाते. ती पुरी झाल्याशिवाय दुसरी अंथरायची नाही. हा नियम पाळायला लागल्यापासून कामं हातावेगळी होतात.

अंथरायला मात्र टेबल कामाचं नाही, जमीनच लागते. रविवारी सकाळी सगळे आवरून बाहेर पडले की बाहेरची खोली मोकळी होते. सासूबाई पाय पसरून एका टोकाला बसतात, मी दुसऱ्या टोकाला, आणि काठाकडून आत येत कच्चे टाके घालतो. कर्नाटकात उत्तर कन्नडातल्या सिद्दी समाजाच्या बायकाही कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, काठापासूनच सुरू करून मध्यापर्यंत आणतात. सेफ्टी पिना मी पावसाळ्यात वापरतच नाही. जून ते सप्टेंबर इथली हवा अशी दमट असते की चार दिवस वाकळेत राहिलेली साधी पिन गंजाचा ठिपका सोडते, आणि पांढऱ्या पॉपलीनवरचा तो ठिपका निघत नाही. दोऱ्याला वेळ लागतो, पण डाग पडत नाही.

पावसाळ्यानंच टेबलाची दुसरी बाजू दाखवली. ते भुश्श्याच्या बोर्डाचं आहे, वर नुसता पातळ थर. फरशी पुसताना लागलेल्या पाण्यानं आणि ओलीनं श्रावणापर्यंत मागच्या पायाची खालची कड फुगली, पट्टी सुटली. मशीन ज्या फळीवर बसतं ती मध्ये खचली, मशीन एका बाजूला दोनेक मिलिमीटर खाली गेलं. म्हणजे एवढी मेहनत करून मिळवलेली पातळी परत बिघडली. सध्या रबराची चकती घालून भागवलंय. कंपनीला कळवलं, उत्तर आलं की ओलाव्यानं झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. भारतात टेबल विकायचं आणि पावसाळा वॉरंटीबाहेर ठेवायचा, हे मला पटत नाही आणि पटणारही नाही.

तरी टेबल विकणार का? नाही. साडेअकरा हजार आणि साडेचारशे, या पैशात मशीन पातळीत बसतं, अंथरुणाची जागा सुटते आणि खांदा दुखत नाही. सुताराकडून प्लायचं करून घेतलं असतं तर लाकूड चांगलं मिळालं असतं, पण दुमडणाऱ्या बिजागऱ्या आणि मशीन वरखाली करायची सोय एवढ्या किमतीत मिळाली नसती, मी चौकशी केली आहे.

टेबलाला साडेतीन तारे. कंपनीच्या सेवेला अर्धा, तोही पैसे परत आले म्हणून. फक्त कपडे शिवणाऱ्यांनी घेऊ नये, गरज नाही. वाकळ, गोधडी शिवणाऱ्यांनी घ्यावं, पण कंपनीच्या पट्टीवर पैसे न घालता पुठ्ठा कापून जवळच्या पाट्यावाल्याकडं जावं. पायांना पहिल्याच दिवशी खालून रबराच्या टोप्या घालाव्यात, आणि पावसाळ्यात त्या जागेची फरशी कोरड्या फडक्यानंच पुसावी. मशीनखालची फळी मी पुढच्या जूनच्या आत अठरा मिलिमीटर प्लायची बदलून घेणार आहे, त्याचं माप सुताराला देऊन झालंय.