पहिली किनारी सफर : मंगळूर, कोची की चेन्नई? पुण्याहून निघणाऱ्यांसाठी

धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं म्हणतोय. नऊ दिवस आहेत. दोन-तीन मोठी शहरं आणि मधे समुद्र. कोची करू की चेन्नई-पाँडिचेरी?" गाडीत ती, आमचे जावई, सात वर्षांची भाची आणि कांदा-लसूण न खाणाऱ्या सासूबाई. गाडी छोटी आणि चालवणारा एकच, कारण बहीण गाडी घेऊन कात्रजच्या पुढे कधी गेलेली नाही.

पुण्यातल्या बऱ्याच घरांत साधारण हाच प्रश्न असतो, म्हणून तिला जे सांगितलं ते जरा सविस्तर लिहितो. आधी एक गोष्ट. आपल्याला समुद्र दाराशी नाही. मुंबईकर निघाला की किनाऱ्यावरच असतो, आपल्याला घाट उतरावा लागतो आणि शेवटी तोच घाट चढून परतही यावं लागतं. नकाशावर बोट ठेवून आपण जाण्याचे किलोमीटर मोजतो, येण्याचे मोजत नाही. काही वर्षांपूर्वी मी तेच केलं होतं.

कोची, म्हणजे माझी चूक

पुणे-पणजी साडेचारशे किलोमीटर, पणजी-मंगळूर साडेतीनशेच्या थोडं वर, मंगळूर-कोळिकोड सव्वादोनशे, कोळिकोड-कोची पावणेदोनशे ते दोनशे. बेरीज बाराशेच्या आसपास. रोज तीन-चारशे म्हणजे काहीच नाही, असं वाटलं. आठ दिवस हाताशी होते. परतीचा रस्ता पालक्काड, कोइमतूर, सेलम, बंगळूर, हुबळी असा. तो चौदाशेच्या घरात जातो हे मला कोचीच्या हॉटेलात बसून कळलं. एकूण सव्वीसशे किलोमीटर. लिटरला पंधरा धरले तरी पावणेदोनशे लिटर पेट्रोल.

पैशाचं सोडा, वेळेचं बघा. कोळिकोडला रात्री साडेनऊला पोचलो, सकाळी आठला निघालो. ज्या गावाजवळच्या काप्पाड किनाऱ्यावर 1498 मध्ये वास्को द गामा उतरला, तिथला समुद्र मी पाहिला तो चहाच्या टपरीच्या दिव्यामागचा काळोख म्हणून. कोचीत दीड दिवस मिळाला. मासेमारीची चिनी जाळी, मट्टनचेरीची मसाल्याच्या वासाची गल्ली आणि 2023 मध्ये सुरू झालेली वॉटर मेट्रो, म्हणजे बोटींची मेट्रो, एवढंच धावत झालं. येताना हुबळीपासून साताऱ्यापर्यंत बायको एक शब्द बोलली नाही. खंबाटकी ओलांडल्यावर म्हणाली, "पुढच्या वेळी तू एकटा जा."

कोची वाईट आहे असं नाही, उलट या तिन्हींत शहर म्हणून मला तेच सगळ्यात आवडलं. पण केरळातला महामार्ग सहापदरी होतोय आणि ते काम अजून ठिकठिकाणी चालू आहे. मे 2025 मध्ये मलप्पुरम जिल्ह्यात कूरियाड इथे नव्या रस्त्याचा भराव खचला, तेव्हापासून त्या रस्त्याची बातमी आली की मी थांबून वाचतो. शिवाय केरळात दोन गावांमध्ये मोकळी जागाच नसते, घरं, दुकानं, शाळा सलग. शंभर किलोमीटरला तीन तास धरा. एकटा चालवणारा असेल आणि बारा दिवस नसतील तर स्वतःच्या गाडीने कोची नको. जायचंच तर पुण्याहून विमानाने कोचीला उतरा, तिथेच गाडी घ्या आणि वर कोळिकोड-कण्णूरपर्यंत जाऊन परत या. कण्णूरजवळ मुळप्पिलंगाडला चार किलोमीटर वाळूवरून गाडी चालवता येते, भाचीला ते विमानापेक्षाही आवडेल.

चेन्नई-पाँडिचेरी

पुण्याहून चेन्नई गाडीने बाराशे किलोमीटरच्या आसपास, आणि त्यात समुद्र शून्य. म्हणजे हा पर्याय विमान किंवा रेल्वे आणि तिथे भाड्याची गाडी असाच होतो. भाड्याने घेताना पाटी बघा. स्वतः चालवायला कायदेशीर भाड्याने मिळणाऱ्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची कुणाची तरी घरची गाडी स्वस्तात मिळाली आणि वाटेत काही झालं, तर विम्याचा प्रश्न येतो. एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडायची तर वेगळे पैसे लागतात, त्यामुळे चेन्नईलाच परत येणारं वर्तुळ आखावं.

वर्तुळ मात्र झकास होतं. ईस्ट कोस्ट रोडने, ज्याला तिकडे सगळे ईसीआर म्हणतात, पाँडिचेरी दीडशे किलोमीटर. वाटेत मामल्लपुरम, म्हणजे आपलं महाबळीपुरम, पुढे मरक्काणमची मिठागरं. समुद्र सतत दिसतो असं मात्र समजू नका. चेन्नईच्या बाहेर पडेपर्यंत बंगले आणि रिसॉर्टच्या भिंती आहेत. पाँडिचेरीला दोन रात्री, मग चिदंबरम, डेन्मार्कवाल्यांचा किल्ला असलेलं तरंगंबाडी आणि तिथून आत वळून तंजावर.

तंजावरसाठी मी या मार्गाला दोन गुण जास्त देतो. बृहदीश्वराचं देऊळ राजराज चोळाने 1010 मध्ये पुरं केलं. त्याच देवळात, मागच्या बाजूला, तंजावरच्या मराठी गादीवरच्या सरफोजीराजांनी 1803 मध्ये कोरून घेतलेला भोसले घराण्याचा इतिहास आहे, मराठीत. तमिळनाडूत भर उन्हात उभं राहून आपण देवनागरीत 'शहाजी' शोधत असतो. सरस्वती महाल ग्रंथालयात मोडीतली दफ्तरं आहेत. सासूबाईंना अजून एक दिवस दिलात तर रामेश्वर होतं, तंजावरहून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. पांबनच्या पुलावरून जाताना शेजारी एप्रिल 2025 मध्ये सुरू झालेला रेल्वेचा नवा उचलपूल दिसतो. पुढे धनुष्कोडी, 1964 च्या वादळात वाहून गेलेलं गाव.

जेवणाचा प्रश्न तर नाहीच. पाटीवर 'सैवम' दिसलं की आत जायचं, शुद्ध शाकाहारी. भाषेची मात्र अडचण होते. पेट्रोल पंपावर आणि हॉटेलात निभावतं, पण टायर पंक्चर झाल्यावर आडरस्त्याला हिंदीचा उपयोग नाही.

आणि आता या मार्गाचा खरा घोळ. आपल्याकडे पाऊस संपतो तेव्हा तिकडे सुरू होतो. चेन्नईचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. 2015 चा पूर आला तो डिसेंबरात. 2023 मध्ये मिचाँग वादळाने चेन्नई बुडवली तीही डिसेंबरात. 30 नोव्हेंबर 2024 ला फेंगल वादळ पाँडिचेरीजवळच जमिनीवर आलं. भाऊबीजेनंतरचे नऊ दिवस म्हणजे नेमके हेच दिवस. दरवर्षी वादळ येतं असं नाही, पण पैसे परत न मिळणारी तिकिटं काढून सात वर्षांच्या मुलीला घेऊन जुगार कशाला? हा मार्ग जानेवारी-फेब्रुवारीत, संक्रांतीचे दोन-चार दिवस टाळून करावा. पोंगलला अख्खं चेन्नई गावी निघतं.

मंगळूरला वळसा

तिला मी सांगितलं ते हे. कोचीचा हट्ट सोडा, मंगळूरहून मागे फिरा. पुणे, हुबळी, मंगळूर, पणजी, पुणे. सगळं मिळून सोळाशेच्या आसपास, म्हणजे कोचीच्या फेरीपेक्षा हजार किलोमीटर कमी. नऊ दिवसांत मंगळूर-उडुपीकडे तीन रात्री आणि पणजीला तीन रात्री निवांत मिळतात.

आता लक्ष द्या, कारण हे मलाही चुकून कळलं. सगळे आधी गोव्याला जातात आणि मग खाली. तसं करू नका. उलटं फिरा.

आपण डावीकडून गाडी चालवतो. पश्चिम किनाऱ्यावर दक्षिणेकडे निघालात तर समुद्र उजवीकडे, म्हणजे दुभाजक आणि समोरून येणारे ट्रक यांच्या पलीकडे. उडुपी जिल्ह्यात मरवंतेला महामार्गाच्या एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला सौपर्णिका नदी आहे, मधे जेमतेम रस्ता. मी तिथून खाली जात होतो. नदी माझ्या बाजूला, समुद्र पलीकडे. थांबू थांबू म्हणेपर्यंत तो पट्टा संपला. पुढे जाऊन वळून आलो, तेव्हा कुठे गाडी समुद्राच्या कडेला लागली. वडील चपला हातात घेऊन दगडांवर बसले होते, लाट फुटली की पायावर तुषार यायचे आणि मागून नदीवरचा वारा. तिथून उठवायला मला अर्धा तास लागला. वर येताना हाच समुद्र आपसूक डावीकडे असतो, हवं तिथे गाडी कडेला घेता येते आणि सूर्य मावळतो तोही डाव्या खिडकीत. भाचीला डावीकडे बसवा.

(चेन्नईचं गणित बरोबर उलटं. तिथे दक्षिणेला जाताना समुद्र डावीकडे, म्हणून ईसीआर खाली उतरतानाच करावा आणि परत यायला आतला महामार्ग.)

उलटं फिरण्याचा दुसरा फायदा असा की कंटाळवाणा भाग आधी संपतो. पहिल्या दिवशी पुणे-हुबळी, सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटर. सातारा ते कागल रुंदीकरणाची वळणं सोडली तर सरळ. दुसऱ्या दिवशी येल्लापूर, अरबैल घाट, अंकोला आणि किनाऱ्याने खाली उडुपी. मधे मुरुडेश्वर येतं, पण त्या दिवशी थांबू नका, ते येताना. उडुपीत सासूबाईंची काळजी मिटते. कृष्णमठाचा प्रसाद आणि कांदा-लसूण नसलेलं जेवण तिथे मागावं लागत नाही. मंगळुरात नीर डोसा आणि भाचीसाठी गडबड आइस्क्रीम. शहर चढउताराचं, पार्किंग अवघड, त्यामुळे राहायला उडुपी आणि मंगळूर दिवसाच्या फेरीत, हे मला जास्त पटतं.

वर येताना गोकर्ण किंवा कारवारला एक रात्र. कारवारात मराठी-कोकणी दोन्ही चालतं, मासा चांगला. पुढे पोळे ओलांडलं की गोवा. गोव्यात पेट्रोल आपल्यापेक्षा स्वस्त, टाकी तिथे भरा. आणि गोवा शेवटी आल्याचा तिसरा फायदा जावयांना न सांगता कळला. गोव्याच्या बाटल्या घेऊन कर्नाटकच्या माजाळी नाक्यावरून जायचा प्रश्नच येत नाही. महाराष्ट्राच्या नाक्यावरही तपासणी असते, हे मी आपलं सांगून ठेवलं.

परतीला सावंतवाडी, आंबोली, आजरा. चोर्ला घाट जवळचा वाटतो, पण मागे उलट्या करणारं मूल असेल तर आंबोलीच बरा.

पावसाळ्यात मात्र हा मार्ग कुणाला सुचवणार नाही. जुलै 2024 मध्ये अंकोल्याजवळ शिरूरला महामार्गावर दरड कोसळून माणसं गेली, पुढच्याच महिन्यात कारवारचा काळी नदीवरचा जुना पूल पडला. नोव्हेंबरात डोंगर कोरडे होत आलेले असतात.

कोकण आणि सौराष्ट्र, थोडक्यात

"आपलं कोकण काय वाईट?" असं सासूबाईंनी विचारलंच. मुळीच नाही. खिडकीतून सगळ्यात जास्त समुद्र रेवस-रेडी या किनाऱ्याच्या मार्गावरच दिसतो. आगरदांडा-दिघी, बागमांडले-वेश्वी, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, दर खाडीला गाडी जेट्टीवरून फेरीबोटीत घालायची, ही मजा वेगळीच. पण तासाला तीस किलोमीटर, आणि मोठं शहर म्हणावं तर रत्नागिरी. बहिणीला शहरं हवी आहेत, तेव्हा कोकण या यादीत बसत नाही. रंगीत तालीम म्हणून उत्तम. एका शनिवार-रविवारी ताम्हिणी उतरून दिवेआगरला जाऊन या. मुलीला घाट सोसतो का आणि सासूबाई सलग किती तास बसू शकतात, हे हॉटेलं आरक्षित करण्याआधी कळतं.

सौराष्ट्राचं डोक्यात असेल तर हजिऱ्याहून घोघ्याला गाडीसकट बोटीने जाता येतं, पुढे दीव, सोमनाथ, पोरबंदर, द्वारका. देवदर्शनाला छान. पण सुरतेपर्यंत पोचायलाच ठाणे-वसई पार करावं लागतं, पहिला दिवस त्यातच जातो.

बहिणीने सगळं ऐकून घेतलं आणि टोलचं विचारलं. खासगी गाडीला फास्टॅगचा वर्षाचा पास मिळतो, 15 ऑगस्ट 2025 पासून; सुरू झाला तेव्हा तो तीन हजारांना होता. दोनशे टोल किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. राष्ट्रीय महामार्गांवरच चालतो, मुंबईच्या द्रुतगती मार्गावर नाही. एका सहलीत वसूल होईलच असं नाही, पण जावयांचं गाव कोल्हापूर, महिन्याआड खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी ठरलेले. त्यांचं काम होईल.

"मग यंदा ओवाळणीत तोच टाक," ती म्हणाली. "आणि साडी वेगळी."