फास्ट फॉरवर्ड : कानाला वळण लावले तर वाचन सुधारते का?

माझी मुलगी दुसरीत असताना तिच्या शाळेने तिला ‘फास्ट फॉरवर्ड’ हा संगणकावरचा कार्यक्रम सहा आठवडे दिला. आम्ही न्यू जर्सीत राहतो आणि घरात मराठीच बोलतो. तिचे इंग्रजी वाचन मागे पडले होते. अनोळखी शब्द आला की पहिले अक्षर पाहून ती उरलेला शब्द अंदाजाने म्हणत असे. ओळखीतले मराठी पालक आता याच कार्यक्रमाबद्दल विचारतात, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे. एका मुलीच्या अनुभवावरून निकाल देणे मला रास्त वाटत नाही, त्यामुळे या कार्यक्रमाच्या ज्या चाचण्या झाल्या त्याही मी वाचून काढल्या आणि माझे मत मुख्यतः त्यांवरच बेतलेले आहे.

कार्यक्रमाचा उगम आमच्याच राज्यातील रटगर्स विद्यापीठाच्या पॉला टल्लाल आणि सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे मायकेल मर्झेनिक यांच्या कामात आहे. ‘बा’ आणि ‘डा’ या दोन उच्चारांतला फरक आरंभीच्या साधारण चाळीस मिलिसेकंदांत सामावलेला असतो. त्यापुढचा ‘आ’ दोन्हींत सारखाच. भाषेत मागे पडणाऱ्या मुलांच्या मेंदूला इतक्या वेगाने बदलणारा ध्वनी नीट पकडता येत नाही, त्यामुळे त्यांच्या मनात भाषेच्या ध्वनींचे ठसे पुसट उमटतात आणि पुढे अक्षर व ध्वनी यांची सांगड घालताना ती अडखळतात, अशी टल्लाल यांची मांडणी होती. तिची सुरुवात १९७३ मधल्या त्यांच्या संशोधनापासून झाली. जानेवारी १९९६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दोन निबंध आले. त्यांत बोलणे पन्नास टक्क्यांनी लांबवून आणि त्यातील वेगाने बदलणारे भाग वीस डेसिबलपर्यंत ठळक करून मुलांना ऐकवले होते. त्यातूनच सायंटिफिक लर्निंग ही कंपनी आणि हा कार्यक्रम उभा राहिला. २०२० पासून ही कंपनी कार्नेगी लर्निंगकडे आहे.

प्रत्यक्ष खेळ साधे आहेत. एका खेळात चढत्या किंवा उतरत्या सुरांची जोडी ऐकून त्याच क्रमाने बाण दाबायचे असतात. दुसऱ्यात एकच उच्चार पुन्हा पुन्हा ऐकू येतो आणि तो बदलला की त्या क्षणी माउसची कळ सोडायची असते. आणखी काही खेळांत सारख्या उच्चारांच्या जोड्या लावायच्या असतात, तर काहींत सूचना ऐकून चित्रे निवडायची असतात. उत्तरे बरोबर येऊ लागली की ध्वनींमधले अंतर कमी होते आणि लांबवलेले बोलणे हळूहळू नेहमीच्या वेगावर येते. चुका झाल्या की कार्यक्रम एक पायरी मागे येतो. ही रचना खरोखर काळजीपूर्वक केलेली आहे. मूल सतत आपल्या क्षमतेच्या काठावर राहते, पण नाउमेद होत नाही. माझ्या मुलीने कंटाळा केला नाही, आणि सहा आठवड्यांत ती खेळांच्या बऱ्याच वरच्या पायऱ्यांवर पोचली.

त्यानंतर तिचे वाचनही सुधारले. परंतु त्याच काळात शाळेत रोज अक्षर-ध्वनींचा स्वतंत्र तास सुरू झाला होता, मी रोज रात्री तिच्यासोबत मोठ्याने वाचत होते आणि तिचे वयही वाढत होते. यांपैकी नेमके कशाचे किती फळ, हे कोणतीही आई सांगू शकणार नाही. हे ठरवण्यासाठी तुलनेचा गट लागतो, आणि सुदैवाने या कार्यक्रमाच्या बाबतीत तशा चाचण्या झालेल्या आहेत.

त्यातील सर्वांत बोलकी चाचणी रोनाल्ड गिलम आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केली. भाषेची अडचण असलेली सहा ते नऊ वर्षांची २१६ मुले चिठ्ठ्या टाकाव्यात तशी चार गटांत वाटली होती. एका गटाला फास्ट फॉरवर्ड, दुसऱ्याला ध्वनीत कोणताही फेरफार नसलेले भाषेचे संगणकीय खेळ, तिसऱ्याला वाचा-उपचारतज्ज्ञाकडून वैयक्तिक शिकवणी आणि चौथ्याला गणित, विज्ञान, भूगोल अशा विषयांचे खेळ दिले गेले. रोज एक तास चाळीस मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे, असा सर्वांचा क्रम सारखाच होता. भाषेच्या चाचणीत चारही गट सुधारले, आणि जवळपास सारखेच सुधारले. त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. लागोपाठच्या ध्वनींतला आधीचा ध्वनी ओळखण्याची जी श्रवणचाचणी होती, तिच्यातही चारही गटांची प्रगती झाली. आणि ज्या मुलांचे कान या चाचणीत सर्वांत कच्चे ठरले होते, त्यांना फास्ट फॉरवर्डमुळे भाषेत इतरांपेक्षा अधिक लाभ झाला नाही. कार्यक्रमाचा सारा युक्तिवाद ज्या मुलांभोवती उभा आहे, तीच ही मुले. माझ्या दृष्टीने मूळ कल्पनेला याहून मोठा धक्का नाही. एक गोष्ट मात्र कार्यक्रमाच्या बाजूने नोंदवली पाहिजे : सहा महिन्यांनंतर सुटे ध्वनी जोडून शब्द ओळखण्यात फास्ट फॉरवर्डचा गट शिकवणीच्या आणि इतर विषयांच्या गटांपेक्षा पुढे होता. पण साध्या भाषाखेळांचा गटही तसाच पुढे होता, म्हणजे ध्वनी लांबवण्याचे श्रेय त्यात दिसत नाही.

प्रिन्स्टनच्या सेसिलिया राउज आणि ॲलन क्रूगर यांनी २००४ मध्ये शहरी शाळांतून केलेल्या चाचणीत भाषेच्या काही अंगांत थोडी वाढ दिसली, परंतु ती प्रत्यक्ष वाचनात उतरली नाही. २०११ मध्ये स्ट्राँग, ह्यूम आणि सहकाऱ्यांनी निकषांत बसणाऱ्या सहा अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा वाचन किंवा बोलभाषा सुधारल्याचा पुरावा त्यांना आढळला नाही.

मराठी घरांसाठी आणखी एक बाब मला कळकळीने सांगावीशी वाटते. शाळेच्या बाहेर एका खासगी केंद्राने माझ्या मुलीला ‘श्रवण-प्रक्रियेतील दोष’ (म्हणजे कानाला ऐकू येते, पण मेंदूला ते नीट उलगडत नाही) असल्याचे सुचवले होते, आणि त्याचा एक आधार म्हणजे ती ‘व्हेट’ (vet) आणि ‘वेट’ (wet) या शब्दांची गल्लत करत असे. मराठीत ‘व’ एकच आहे. ‘शिप’ आणि ‘शीप’ यांतला फरकही मराठी कानाला सहज जाणवत नाही, कारण आपल्या बोलण्यात ऱ्हस्व-दीर्घ इकारावर अर्थ क्वचितच अवलंबून असतो. उलट ‘पाट’ आणि ‘पात’ किंवा ‘कडा’ आणि ‘खडा’ हे फरक तिला अचूक ऐकू येत होते, जे तपासणाऱ्यांना स्वतःला कदाचित ऐकू आले नसते. ज्या भाषेत मूल वाढले त्या भाषेचे ध्वनी त्याच्या कानात पक्के असतात. दुसऱ्या भाषेतले भेद नवे असणे हा दोष नव्हे. म्हणून तपासणी करवून घेताना घरची भाषा कोणती हे तज्ज्ञाला आधी सांगावे, शक्य असल्यास मराठीतही तपासायला सांगावे, आणि त्याही आधी साधी श्रवणक्षमता तपासून घ्यावी. कानात पाणी साचल्यामुळे कमी ऐकू येणारी मुले लक्ष न देणारी समजली जातात.

शाळा हा कार्यक्रम विनामूल्य देत असेल आणि त्यासाठी वाचनाचा तास बुडत नसेल, तर नकार देण्याचे कारण मला दिसत नाही. मुले लक्षपूर्वक ऐकायला बसतात, हेही थोडे नाही. मात्र स्वतःच्या खिशातून पैसे घालून, रोजचा तास-दीड तास खर्चून घ्यावा, असे मी कोणालाही सुचवणार नाही. तोच वेळ अक्षर आणि ध्वनी एकत्र शिकवणाऱ्या माणसाला द्यावा. ऑक्सफर्डच्या लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी १९८३ मध्येच ६५ मुलांबरोबर हे करून पाहिले होते : ध्वनींचे वर्गीकरण शिकवताना प्लॅस्टिकची अक्षरेही हातात दिलेली मुले वाचनात आणि शुद्धलेखनात सर्वांत पुढे गेली.

आता रविवारी सकाळी ती साताऱ्याच्या आजीसोबत व्हिडिओ कॉलवर बाराखडी म्हणते. ‘क ला काना का, क ला पहिली वेलांटी कि’ असे म्हणत प्रत्येक खूण बोटाने गिरवते, आणि आजी मध्येच एखादे अक्षर झाकून ते कोणते, असे विचारते. मागच्या आठवड्यात तिने ‘कमळ’ हा शब्द कोणी न सांगता वाचला आणि ‘ळ’ दोनदा म्हणून दाखवला.