डॉर्टमुंडचं जर्मन फुटबॉल म्युझियम, बेकेनबाउरसाठी तरी जाच

मेन स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच आहे, शोधायची भानगड नाही. 2015 ला सुरू झालंय. 1954 च्या वर्ल्ड कप फायनलचा चामड्याचा बॉल ठेवलाय, त्यातच तिकिटाचे पैसे वसूल. पण मी गेलो ते जर्मनीचा दिग्गज फुटबॉलपटू फ्रान्झ बेकेनबाउर याच्यासाठी, हॉल ऑफ फेममध्ये त्याच्यापाशीच जास्त वेळ गेला. काय माणूस होता! 1970 च्या सेमीफायनलला इटलीविरुद्ध खांदा निखळला, बदली खेळाडू संपलेले, तर गडी हात छातीशी बांधून एक्स्ट्रा टाइम खेळला, 1974 ला कॅप्टन म्हणून कप उचलला, मग 1984 ला कोचिंगचं लायसन्स नसताना टीम हातात घेतली, म्हणून पद ‘कोच’ नाही तर ‘टीमशेफ’ (म्हणजे टीमप्रमुख), 1986 ची फायनल अर्जेंटिनाकडून हरला आणि 1990 ला रोममध्ये त्याच अर्जेंटिनाला 1-0 नं हरवलं, ब्रेमेची पेनल्टी! खेळाडू आणि कोच, दोन्ही म्हणून वर्ल्ड कप जिंकणारे तिघंच, ब्राझीलचा झगालो, हा आणि फ्रान्सचा देशां. माझ्या मते कॅप्टन असताना आणि टीम स्वतः बांधून जिंकणं जास्त अवघड. निवांत वेळ काढूनच जा, आणि म्युनिकला गेलात तर अलायन्झ अरेना स्टेडियममधलं बायर्न क्लबचं म्युझियमही करा, 1974 ते 76 सलग तीन युरोपियन कप जिंकणारी त्याची टीम तिथे भेटते.