सोलापुरात ग्राफिक्स कार्ड घेताय? आधी माझे ९,२०० रुपये बघा

लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करून पोट भरतो. आमच्या गल्लीत कुणाचा कॉम्प्युटर लटकला, प्रिंटर रुसला की पोरं आधी माझ्या दारात येतात. अशा माणसाला एका दुकानदारानं २०११ सालची चिप २०१६ सालच्या नावानं विकली आणि मी वर त्याला 'थँक्यू' म्हणून घरी आलो.

हिशेब आधीच मांडतो, म्हणजे कुणी 'किती गेले?' विचारायला नको. ग्राफिक्स कार्ड ७,२००. एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, १,४५०. तो मदरबोर्डाला जोडायची कन्व्हर्टर केबल २५०. आणि 'कार्ड तुमच्या मशीनला चालतंय का' हे तपासायचे ३००. एकूण ९,२००. त्यातले ५,००० यूपीआयनं, ४,२०० रोख. नोटा त्यानं बोटाला थुंकी लावून दोनदा मोजल्या. मी कार्ड एकदासुद्धा नीट बघितलं नाही.

दुकानाचं नाव देत नाही. घाबरलो म्हणून नव्हे. ओळखीचे वकील म्हणाले, हातात बिल नसताना नाव छापलंस तर तोच तुझ्यावर अब्रुनुकसानीचा दावा ठोकेल. बिल का नाही, ते पुढं येतंच.

माझं मशीन म्हणजे ऑफिसातून निघालेला ब्रँडेड डेस्कटॉप. प्रोसेसर आय५, चौथी पिढी, १६ जीबी रॅम. एचडीला कधी कुरकुर केली नाही. पण आता गावाकडची पार्टीसुद्धा 'फोरके आहे न्हवं?' विचारते. फोरकेच्या दोन क्लिपा एकावर एक ठेवल्या की प्रिव्ह्यू तिथंच बसून राहायचा, नवरीचा हात हारापर्यंत पोचायला चहा पिऊन होई. तुळशीचं लग्न तोंडावर, डायरीत अकरा तारखा. नवं मशीन घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून एनव्हिडिया कंपनीचं जीटीएक्स १०५० टीआय हे कार्ड वापरलेलं घ्यायचं ठरवलं. ही निवड चूक नव्हती, हे मी आजही छातीठोक सांगतो. कार्ड ७५ वॅटचं. मदरबोर्डाचा स्लॉटच ७५ वॅटपर्यंत देतो, त्यामुळं बहुतेक मॉडेलना वेगळी पॉवर केबल लागत नाही. जुन्या ऑफिस पीसीत घालायला सगळे हेच शोधतात. सगळे हेच शोधतात म्हणून नकलीही ह्याचंच जास्त निघतं, एवढा साधा हिशेब माझ्या डोक्यात आला नाही.

नवी पेठेच्या बाजूचं दुकान. स्कूटीवर पायात सीपीयू धरून गेलो. म्हटलं, आधी तपासून सांगा, ह्याला कार्ड झेपेल का. त्यानं साइडचं झाकण काढलं, मोबाइलचा टॉर्च मारला, फुंकर घातली. 'धूळ लई आहे सर.' मग म्हणाला, 'चालतंय की! बिनधास्त. फक्त एसएमपीएस बदलावा लागंल.' ह्या फुंकरीचे ३०० रुपये.

तपासणी कशी असते ते मला माहीत नव्हतं असं नाही. मेहंदीचे व्हिडिओ तासाला एक या वेगानं काढताना अक्कल गहाण पडलेली असते, एवढंच. एसएमपीएसवरचा मोठा आकडा वाचायचा नसतो. खाली बारीक अक्षरात १२ व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर लिहिलेत ते बघून १२ नं गुणायचं. त्यानं दिलेल्या डब्यावर '४५०' हा आकडा दुकानाच्या पाटीएवढा. खाली १२ व्होल्टला १४ अँपिअर. बारा चोक १६८ वॅट, संपलं. माझा प्रोसेसरच ८४ वॅटचा. त्यात खरं १०५० टीआय घातलं तरी बेरीज १५९ वर जाते, हार्ड डिस्क आणि पंखे वेगळे. म्हणजे माल खरा असता तरी काठावरच. हे गणित मी घरी आल्यावर केलं. दुकानात मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडायला काय झालं होतं?

दुसरं, माझ्या मदरबोर्डाला नेहमीची २४ पिनची केबल बसत नाही. काही ब्रँडेड ऑफिस पीसींना कंपनीची स्वतःची ८ पिनची लागते. बाजारातला एसएमपीएस घेतला की मध्ये कन्व्हर्टर आला. ते २५० रुपये मात्र मी नाकारत नाही, ती वस्तू खरी होती. सगळ्या व्यवहारात तेवढीच.

आता ज्या क्षणासाठी रात्री अजून जाग येते, तो सांगतो.

माझा मॉनिटर जुना, त्याला जोडायला फक्त जुन्या पद्धतीचं व्हीजीए पोर्ट. मी मनाशी धरून गेलो होतो की कार्डाला एचडीएमआय असेल, म्हणजे साडेतीनशेचा कन्व्हर्टर घ्यावा लागणार. त्यानं कार्ड पिशवीतून काढलं, पोर्टची बाजू माझ्याकडं केली. एचडीएमआय, डीव्हीआय आणि शेजारी निळं, पंधरा भोकांचं, ओळखीचं व्हीजीए. मी अक्षरशः खूष झालो. तोंडातून निघालं, 'अरे वा, व्हीजीए पण आहे? साडेतीनशे वाचले!' तो हसला. 'सर, आम्ही कस्टमरचा विचार करूनच माल आणतो.'

१०५० टीआय ज्या पिढीचं आहे त्या पिढीच्या चिपमधून एनव्हिडियानं ॲनालॉग आउटपुट, म्हणजे व्हीजीएला लागणारा जुना सिग्नल, काढूनच टाकलंय. व्हीजीए तिच्यात मुळातच नाही. हे मला माहीत होतं! मी स्वतः दोघातिघांना सांगितलंय. माझ्या डोळ्यांसमोर ते निळं पोर्ट ओरडून सांगत होतं की मी तो नव्हे, आणि मी साडेतीनशे वाचल्याच्या आनंदात. कार्डावर ६ पिनचा पॉवर सॉकेटही होता. 'ह्याला कशाला?' एवढं विचारलं. 'ओसी मॉडेल आहे सर, जास्तीची ताकद.' काही ओसी, म्हणजे कंपनीनंच वेग वाढवून दिलेल्या, मॉडेलना तो असतो हेही खरं, त्यामुळं इथं मी स्वतःला थोडी माफी देतो. व्हीजीएला नाही.

बिल मागितलं. 'बिल पाहिजे तर अठरा टक्के वेगळे.' ७,२०० वर १,२९६. मी म्हटलं, राहू दे. त्यानं व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीवर '१०५० टीआय ४ जीबी, सहा म. वॉरंटी' असं लिहून दिलं. सही नाही, तारीख नाही. तुम्ही हसाल, पण सोलापुरात किती जण बिल घेऊन मेमरी कार्ड घेतात ते हात वर करून सांगा.

यूपीआय करताना क्यूआरवर कुठल्याशा किराणा स्टोअरचं नाव आलं. 'मेव्हण्याचं आहे, एकच आमचं.' केलं पेमेंट. नाव जुळत नसेल तर तिथंच थांबा, मेव्हणा असो नाहीतर सासरा.

निघताना त्यानं एक पेनड्राइव्ह लावून ड्रायव्हर, म्हणजे विंडोजकडून कार्ड चालवून घेणारा प्रोग्राम, टाकला. 'सर, नेटवरून अपडेट मारू नका. हाच ठेवा, स्टेबल आहे.' हे वाक्य कुणी उच्चारलं की वस्तू काउंटरवर ठेवून उठा. नकली कार्डाच्या बायॉसमध्ये, म्हणजे कार्डातच साठवलेल्या मूळ प्रोग्रामात, नाव बदललेलं असतं. विंडोजमध्ये १०५० टीआय दिसतं, ४ जीबी दिसतं. अधिकृत ड्रायव्हर टाकला की सोंग उतरतं, म्हणून तो टाकू द्यायचा नसतो.

घरी पहिले दोन दिवस बरे गेले, कारण मी नुसतं कटिंग करत होतो. तिसऱ्या रात्री हळदीचा व्हिडिओ रेंडरला लावला, चाळीस टक्क्यांवर मशीन टप्पकन बंद होऊन परत चालू. पुन्हा लावला, पुन्हा बंद. एक्सपोर्टला एनव्हिडियाचा एन्कोडर, म्हणजे कार्डाकडूनच व्हिडिओ फाइल बनवून घ्यायची सोय, निवडावा म्हटलं तर यादीत नावच नाही. दुकानात फोन केला. 'विंडोज नवीन मारा.' मारली. 'रॅम पुसून लावा.' पुसली. तिसऱ्यांदा फोन उचलला नाही.

पुण्यात इंजिनिअरिंगला असलेला भाचा सुट्टीला आला होता. चहाचा कप हातात धरून त्यानं कार्डाची खरी ओळख दाखवणारं जीपीयू-झेड नावाचं सॉफ्टवेअर उतरवलं. फुकट आहे, बसवावंही लागत नाही, एक मिनिटाचं काम. नावाच्या आधी चौकटी कंसात इंग्रजीत 'फेक' असा शब्द. चिप जीएफ११६, ४० नॅनोमीटरच्या जुन्या पद्धतीनं बनलेली, शेडर, म्हणजे चित्राचं गणित करणारे बारके घटक, १९२. खऱ्या १०५० टीआयला जीपी१०७, १४ नॅनोमीटर, ७६८. हे जीटीएक्स ५५० टीआय होतं, ११६ वॅटचं. ११६ आणि ८४ म्हणजे २००, आणि डबा देणार १६८. मशीन बंद पडणार नाही तर काय करणार? त्या चिपला एनव्हिडियाचा एन्कोडरच नाही, तो पुढच्या पिढीपासून आला.

'मामा, कुठनं आणलाव हे?' एवढंच विचारलं त्यानं. मी म्हटलं, एका पार्टीचं आहे, बघायला दिलंय. भाच्याशी खोटं बोललो. बायको आतून सगळं ऐकत होती, तिनं काही बोलायचं टाळलं, ते जास्त लागलं.

दुकानात गेलो. त्यानं कार्ड उलटंपालटं केलं आणि म्हणाला, 'आमचं नाही हे. बदलून आणलाव तुम्ही.' त्याचंच वॉरंटी स्टिकर स्क्रूवर होतं. म्हणे, असलं स्टिकर कुठंबी मिळतंय. वर दोन पोरं दारात येऊन उभी राहिली. मी पन्नाशीला आलेला माणूस, हातात पिशवी, रस्त्यावरचे लोक बघतायत. निघालो.

आता सरकार दरबार. चौकीत गेलो. हवालदारांनी विचारलं, 'ग्राफिक म्हणजे? गेमचं काय? ह्या वयात?' सगळं सांगितलं. 'पैसे तुम्हीच दिलाव न्हवं हातानं? मग फसवणूक कसली? आणि कॉम्प्युटरचं आहे म्हणजे सायबरला जावा.' सायबरला गेलो. तिथं म्हणाले, 'ओटीपी दिला का? लिंक दाबली का? नाही? दुकानातनं घेतलंय की हो, हे चौकीचं.' परत चौकी. साहेब नाहीत. परत गेलो, साहेब जेवायला. तिसऱ्यांदा गेलो तर गड्ड्याचा बंदोबस्त. 'यात्रा झाली की या, आत्ता माणूस नाही.' सिद्धेश्वरांच्या यात्रेवर माझा राग नाही, मी दरवर्षी होम मैदानावर जातो. पण यात्रा संपली, पाळणे उतरले, आणि तरी माणूस नव्हता. शेवटी अर्ज घेतला तेव्हा यूपीआयचा स्क्रीनशॉट बघून जमादार म्हणाले, 'हे तर किराणा स्टोअर दिसतंय. ह्यात ग्राफिक कुठं आहे?' मी काय सांगू? अर्जावर शिक्का मागितला तर शिक्का कपाटात, कपाटाची चावी दुसऱ्या शिफ्टकडं. चारशेवीस जाऊन आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आलंय, एवढं ज्ञान मला त्या बाकड्यावर बसून मिळालं. भिंतीवरच्या तक्त्यावर होतं, चार वेळा वाचून झालं.

बँकेत गेलो. 'तुम्ही स्वतः पिन टाकलाय.' हो, टाकलाय! चोरानं टाकला असता तर तुमच्याकडं आलो नसतो का? ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर गेलो तर तिथल्या बाई मान वर न करता म्हणाल्या, 'बिल जोडा.' झेरॉक्स आणि रिक्षा धरून ६४० रुपये गेले. ते वरच्या ९,२०० मध्ये धरलेले नाहीत.

वकिलांकडून कळलं ते असं की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, मुदत दोन वर्षांची. यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, वस्तूचे फोटो जोडायचे. मी केस टाकतोय. ग्राहकांची हेल्पलाइन १९१५, आणि १९३० ही ऑनलाइन पैशांच्या फसवणुकीची. दोन्हींत गल्लत करू नका, मी केली आणि अर्धा तास गेला. फोटो मात्र आधीच काढून ठेवा. दुकानात कार्ड लावलं की स्क्रीनवर जीपीयू-झेड उघडायला लावून त्याचा फोटो, शेजारी कार्ड, शेजारी दुकानदाराचा हात. तो 'नेट नाही' म्हणाला तर तुमचा हॉटस्पॉट द्या. आणि घरून निघताना कॅबिनेटमध्ये टेप लावून लांबी मोजा. बसक्या कॅबिनेटला अर्ध्या उंचीचं कार्ड लागतं. मी सोडून इतरांनी तरी मोजावं.

कार्ड माझ्या टेबलावर पडलंय. मशीन परत बिनकार्डाचं, जुन्या एसएमपीएसवर. अकरापैकी तीन पार्ट्यांचे व्हिडिओ अजून द्यायचेत, एकीनं ॲडव्हान्स परत मागितला.

परवा त्याच दुकानाचं व्हॉट्सॲप स्टेटस दिसलं. '१०५० टीआय ४ जीबी, व्हीजीए पोर्टसह, दोनच पीस.' भाच्याच्या फोनवरून, आवाज जरा बदलून, फोन लावला. म्हटलं, बिल मिळंल का?

'मिळतंय की सर. अठरा टक्के वेगळे.'